न्हाणीत घरं चालतील, हौदात नाही

लंडनमध्ये हॉर्न्सी रोडवर निऑनच्या नळ्यांनी काढलेली एक बाई आहे. पोहायच्या पोशाखातली, हात पुढे ताणून सूर मारणारी. १९३०च्या दशकात तिला तिथल्या सार्वजनिक स्नानगृहावर बसवलं. स्नानगृह त्याहून जुनं, १८९२ सालचं. १९९१ मध्ये ते बंद झालं आणि पुढे त्या आवारात फ्लॅट आले. जुना दर्शनी भाग राखला, ती बाईही राखली. मुंबईच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. गिरणगावात टॉवरांच्या मधोमध एकटी उरलेली चिमणी त्याने पाहिलेली असते.

ब्रिटनमधल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या औद्योगिक शहरासमोर गेल्या चाळीसेक वर्षांत हा प्रश्न कधी ना कधी आला आहे. घरपट्टीच्या पैशातून बांधलेली देखणी स्नानगृहं एकेक करून बंद पडली. पाडावीत तर लोकांचा विरोध, चालवावीत तर नगरपालिकेकडे पैसे नाहीत. मग घरं करून इमारत वाचवायचा मार्ग निघतो, आणि तो सगळ्यांना सोयीचा वाटतो. वारसाप्रेमींना दर्शनी भिंत मिळते, पालिकेच्या तिजोरीत रक्कम पडते, शहरात काही घरं वाढतात. माझा आक्षेप या सोयीवर आहे. जुन्या स्नानगृहात घरं करायला माझी हरकत नाही. पण त्यातला कुठला भाग घरांना द्यायचा आणि कुठल्या भागाला हात लावायचा नाही, हे त्या इमारतींच्या इतिहासातच लिहिलेलं आहे, आणि ते न वाचता नकाशे मंजूर होतात.

हा इतिहास घरांपासूनच सुरू होतो. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलऱ्याची साथ आली. कष्टकऱ्यांच्या वस्त्या तळघरांत, एका खोलीत आठ-दहा माणसं, पाणी बाहेरच्या नळावरून. किटी विल्किन्सन नावाच्या आयरिश बाईच्या घरी पाणी उकळायचं मोठं भांडं होतं. आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरुणं धुवायला तिने ते शेजारणींना खुलं केलं. कपडे उकळले की रोग कमी पसरतो, हे तिला अनुभवाने कळलं होतं. जंतूंचा शास्त्रीय उलगडा व्हायला अजून काही दशकं होती. तिच्या या खटपटीतून १८४२ मध्ये फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुणंघर उभं राहिलं. १८४६ साली ब्रिटिश संसदेने स्नानगृहांचा कायदा केला आणि नगरपालिकांना घरपट्टीतून अशा इमारती बांधायची मुभा दिली. त्यातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. कष्टकऱ्यांसाठीच्या स्वस्त न्हाण्यांची संख्या वरच्या दर्जाच्या न्हाण्यांच्या किमान दुप्पट हवी, असं त्यात होतं. दरही बांधून दिले: थंड पाण्याची आंघोळ एक पेनी, गरम पाण्याची दोन पेनी.

म्हणजे सुरुवातीची स्नानगृहं ही गरिबांच्या घरांना नसलेली मोरी होती. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या माणसाला हे चटकन समजेल. घराचा जो भाग घरात मावत नाही, तो चाळीत सामायिक होतो. लंडन-मँचेस्टरमध्ये तो नगरपालिकेच्या इमारतीत गेला. आठवड्यातून एकदा टॉवेल काखोटीला मारून, साबणाची वडी खिशात घालून माणसं तिथे जात. रांगेत बाकावर बसत, नंबर आला की दार लावून टबात उतरत. पाण्याचा नळ बहुधा बाहेरून, परिचारकाच्या हातात असे. आणखी गरम पाणी हवं असेल तर आतून आपल्या खोलीचा नंबर ओरडायचा.

पोहणं यात नंतर आलं. १८७८च्या सुधारणेने नगरपालिकांना छप्पर असलेले पोहण्याचे हौद बांधायला स्पष्ट परवानगी मिळाली. तिथून एकाच छपराखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदू लागल्या: एकीकडे एकेकट्याने अंग धुवायच्या खोल्यांची रांग, दुसरीकडे सगळ्यांनी मिळून उतरायचा हौद. एक गरज, दुसरा आनंद आणि कौशल्य. या दोन भागांचं भवितव्य वेगवेगळं आहे, हाच माझा मुद्दा आहे.

हौदातही समता नव्हती. मँचेस्टरचं व्हिक्टोरिया बाथ्स १९०६ साली उघडलं. रंगीत काचा, चकाकत्या टाइल्स, मोझॅकच्या फरश्या असा राजेशाही थाट. त्यात तीन हौद होते: पहिल्या वर्गाच्या पुरुषांचा, दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांचा आणि बायकांचा. तिघांची दारंही वेगळी. ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या हौदात सोडत. तिथे वापरून झालं की तेच दुसऱ्या वर्गाकडे आणि तिथून बायकांकडे जाई. मी हे प्रथम वाचलं तेव्हा थबकले. उष्टं पाणी खालच्यांना, ही रीत आपल्याला परकी नाही. तरीही त्या बायका तिथे गेल्या, पोहायला शिकल्या. पुढे पाणी गाळण्याची यंत्रं आली, वर्गांच्या भिंती हळूहळू गळून पडल्या, आणि ज्या हौदात उतार पाण्यावर समाधान मानावं लागे, त्या इमारतीवर सगळ्यांचा सारखा हक्क झाला. म्हणूनच या इमारतींकडे मी फक्त सुंदर विटकाम म्हणून पाहू शकत नाही. माणसांनी एकाच पाण्यात उतरायला शिकावं, यासाठी लागलेल्या शंभर वर्षांची ती नोंद आहे.

आता दोन्ही भागांचं पुढे काय झालं ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर गलिच्छ वस्त्या पाडल्या गेल्या, नव्या घरांत बाथरूम आले, आणि टबांच्या खोल्या रिकाम्या पडू लागल्या. बर्मिंगहॅमच्या मोझली रोड बाथ्समधल्या खोल्या तर २००४ पर्यंत वापरात होत्या, यावरून ती गरज किती चिवट होती हे कळतं. पण अखेर ती संपली, आणि चांगल्या कारणाने संपली: घरांनी ती सोडवली. पोहण्याचं तसं झालं नाही. फ्लॅटमध्ये पोहण्याचा हौद येत नाही. इंग्लंडमध्ये नदी, कालवे आणि समुद्र तिथेच आहेत, मुलं तिथे जातातच. शालेय अभ्यासक्रमानुसार अकराव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला २५ मीटर पोहता यायला हवं. पण हौद चालवणं हे नगरपालिकेचं कायदेशीर कर्तव्य नाही. ती ऐच्छिक सेवा आहे. मुलाने पोहायला शिकावं हा नियम आणि कुठे शिकावं याला उत्तर नाही. तंगीच्या वर्षात पहिली कात्री हौदावर पडते ती याचमुळे.

वारसा-कायदा इथे फारसा कामी येत नाही. स्नानगृह संरक्षित यादीत येतं म्हणजे त्याच्या भिंती, छत, टाइल्स येतात. त्यातला वापर येत नाही. यादीत असलेल्या हौदावर लाकडी फळ्या टाकून वर मजले चढवता येतात, फक्त टाइल फोडायच्या नाहीत. देवळाचा गाभारा शाबूत ठेवून आत दुकान थाटलं तर गावकरी त्याला जीर्णोद्धार म्हणतील का? पाणी हाच या इमारतीचा गाभारा आहे.

बांधकामाच्या दृष्टीनेही हौदाचं दालन घरांना नकोच म्हणतं. ते लांबट आणि उंच असतं. आतल्या माणसांना आडोसा राहावा म्हणून, आणि शेजारी दुसऱ्या इमारती खेटून असतात म्हणूनही, बाजूच्या भिंती बंद. उजेड वरून, काचेच्या छतातून येतो. तिथे फ्लॅट बसवायचे तर मध्ये मजले घालावे लागतात, म्हणजे वरून येणारा उजेड अडतो. मग खिडक्यांसाठी भिंती फोडायच्या किंवा मधोमध चौक सोडून दोन्ही बाजूंना अंधाऱ्या खोल्या करायच्या. ज्या दालनासाठी इमारत वाचवली, ते दालनच दिसेनासं होतं. याउलट टबांच्या खोल्यांची बाजू, धुणंघर, बॉयलरखाना, कोळशाचं अंगण, वरच्या मजल्यावरची कचेरी इथे घरं सहज बसतात. किंबहुना एक घर तिथे आधीपासून असायचंच. बऱ्याच स्नानगृहांत, व्हिक्टोरिया बाथ्समध्येही, व्यवस्थापकाचं कुटुंब इमारतीतच राही. स्नानगृहात राहणं ही नवी कल्पना नाही. हौद बुजवून राहणं ही नवी आहे.

हे जमतं का? जमलेलं आहे. लंडनच्या सोहो भागात मार्शल स्ट्रीटचं स्नानगृह १९३१ सालचं. हौदाला पांढरा सिसिलियन संगमरवर, भिंतींना हिरवा स्वीडिश. १९९७ ला ते बंद झालं. तेरा वर्षं लढाई, वाटाघाटी, आराखडे चालले, आणि २०१० मध्ये हौद पुन्हा लोकांसाठी उघडला. आवाराच्या उरलेल्या भागात फ्लॅट झाले, आणि एवढ्या महागड्या जागेवरचं हे काम त्यांच्या आधाराने उभं राहिलं. केंटिश टाउनचं १९०१ सालचं स्नानगृहही २००७ मध्ये बंद होऊन २०१० मध्ये पोहण्यासाठीच परत उघडलं.

माझ्या लेखी सगळ्यात धडा देणारी जागा मात्र पूर्व लंडनमधलं पॉप्लर. ही गोदी-कामगारांची वस्ती. १९२१ मध्ये इथल्या तीस नगरसेवकांनी गरीब भागावर लादलेली अन्याय्य पट्टी भरायचं नाकारलं आणि तुरुंगवास पत्करला. त्यांचे पुढारी जॉर्ज लॅन्सबरी पुढे मंत्री झाले आणि १९३० मध्ये त्यांनी हाइड पार्कातलं सर्पेंटाइन तळं बायका-पुरुषांना एकत्र पोहायला खुलं केलं. गांधीजी १९३१ च्या मुक्कामात ज्या किंग्जली हॉलमध्ये उतरले, तोही याच परिसरात. पॉप्लरचं स्नानगृह मूळ १८५२चं, १९३३ मध्ये नव्याने बांधलेलं. मोठ्या दालनावर काँक्रीटच्या कमानी. हिवाळ्यात हौदावर फळ्या टाकल्या की तिथे मुष्टियुद्ध, नाच, नाटकं व्हायची, चौदाशे माणसं बसायची. १९८८ ला ते बंद झालं. पुढे अठ्ठावीस वर्षं. एवढ्या काळात एक पिढी पोहायला न शिकता मोठी होते. पण तिथल्या लोकांनी विषय सोडला नाही. २००१ मध्ये वास्तू संरक्षित यादीत आली आणि २०१६ मध्ये तिथे पोहणं पुन्हा सुरू झालं. त्याच योजनेत शंभर घरं झाली, काही स्नानगृहाच्या आवारात, काही जवळच्या स्टेपनीत. ही घरं कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची होती, प्रतीक्षायादीतल्या कुटुंबांसाठी. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्या घरात मोरी नव्हती म्हणून ही इमारत उभी राहिली, त्याच थरातल्या माणसांना तिच्या शेजारी बाथरूम असलेलं घर मिळालं, आणि खाली पोहायला हौदही राहिला.

याच्या उलट टोकाला पॅरिसचं मोलितोर. १९२९ साली उघडलेलं, १९८९ मध्ये बंद झालेलं, १९९० पासून संरक्षित. त्यातलं बरंचसं बांधकाम पाडून जुन्या रूपात पुन्हा उभं केलं आणि २०१४ मध्ये तिथे आलिशान हॉटेल उघडलं. हौद आहे, पाणी आहे, निळ्या दारांच्या कपडे बदलायच्या खोल्याही आहेत. पण तिथे उतरायला सहसा हॉटेलचा पाहुणा असावं लागतं किंवा क्लबचं महागडं सदस्यत्व. वास्तू वाचली, पाणी वाचलं, आणि तरी ती पॅरिसकरांच्या हातून गेली. बर्लिनचं १९०२ सालचं ओडरबर्गर स्नानगृहही हौदाला तडे गेल्याने १९८६ मध्ये बंद पडून २०१६ मध्ये हॉटेल म्हणूनच परतलं. पण तिथे बाहेरचा माणूस तिकीट काढून हौदात पोहू शकतो. माझा आक्षेप हॉटेलला किंवा घरांना नाही, हे या दोन उदाहरणांनी स्पष्ट व्हावं. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कोण आहेस असं विचारलं जातं की तिकीट विचारलं जातं, एवढंच मी पाहते.

विरुद्ध बाजूला वजनदार युक्तिवाद आहेत, ते मी टाळणार नाही. इंग्लंडमध्ये सामाजिक घरांच्या प्रतीक्षायादीत दहा लाखांहून अधिक कुटुंबं आहेत. त्यांतल्या कुणा आईला तिचा नंबर यायला उशीर होण्याचं कारण पोहण्याचा हौद आहे, असं सांगायची माझी छाती नाही. दुसरं, रिकामी इमारत कुणाचीच नसते. छत गळतं, लोखंड गंजतं, कबुतरं घर करतात, एक दिवस आग लागते. व्हिक्टोरिया बाथ्स १९९३ मध्ये बंद झालं. २००३ मध्ये टीव्हीवरच्या लोकमताने देशातली सगळ्यात जपण्याजोगी वास्तू ठरलं. छत, काचा, टाइल्स सुधारल्या. पण रोजचं पोहणं काही परत आलं नाही. स्वयंसेवकांनी तीस वर्षं जीव ओतूनही. हे मान्य करूनच मी म्हणते, की जिथे हौद वाचवणं खरोखर अशक्य आहे तिथे घरं होऊ द्यावीत. पण तेव्हा ती कौन्सिलची, परवडणारी असावीत. लोकांच्या पैशाची वास्तू लोकांच्या एका गरजेकडून दुसऱ्या गरजेकडे जात असेल तर ते देणं-घेणं न्याय्य आहे. ती बाजारभावाच्या फ्लॅटांकडे जात असेल तर तो फक्त व्यवहार आहे. आणि अशक्य हा शब्द हिशेब मांडून सिद्ध व्हायला हवा. पंधरा वर्षं दुरुस्ती न करता इमारत कुजू द्यायची आणि मग हताशपणे खांदे उडवायचे, याला अशक्य म्हणत नाहीत.

आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनींचं झालं ते आठवा. १९९१ च्या नियमानुसार जमिनीचा साधारण एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, साधारण एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये शब्द बदलले: वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची. गिरणीची जमीन तर बांधकामानेच भरलेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरवला, आणि बागा आणि घरं दोन्ही आक्रसली. तिथेही वारसा म्हणून चिमण्या राखल्याच. जपणुकीच्या भाषेत सार्वजनिक हिस्सा कसा विरघळतो हे पाहायला मराठी माणसाला लंडनला जावं लागत नाही.

आणि सार्वजनिक पाणी म्हणजे काय, याचा विचार आपण कुणाकडून उसना घेतलेला नाही. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली आणि चालवलेली पाणवठ्यांसारखी ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावं लागलं. तिथला प्रश्न माणुसकीचा आणि जातीच्या क्रौर्याचा. मँचेस्टरच्या तीन हौदांशी त्याची बरोबरी मी करत नाही. पण त्या ठरावातली व्याख्या मला आजही पुरेशी वाटते. ज्यावर सगळ्यांचा पैसा लागला, ते पाणी सगळ्यांचं. त्याच काळात मुंबईच्या ब्रीच कँडीचा पोहण्याचा हौद फक्त युरोपीय लोकांसाठी होता, आणि स्वातंत्र्यानंतरही ती मर्यादा काही वर्षं टिकली. पाण्याभोवतीचं कुंपण मोडायला किती वेळ लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ते पुन्हा घातलं जाताना आपण जास्त सावध असायला हवं.

मी स्वतः एका नगरपालिकेच्या टँकवर पोहायला शिकले. पाठीला डबा बांधून, दुपारच्या बायकांच्या बॅचला. आमच्यात भाजीवालीची मुलगी होती आणि डॉक्टरांचीही. पाण्यात उतरल्यावर कोण कुठली ते कळत नसे, कळायचं ते एवढंच की कुणाला मुटका मारता येतो आणि कुणाला भीती वाटते. पुढे त्या टँकवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागली. पाटी गंजली, टँक नाही उघडला. आता गावात तीन-चार गृहसंकुलांत हौद आहेत, निळेशार, आणि प्रत्येकाच्या फाटकावर रखवालदार आहे. भाजीवालीच्या नातीला पोहता येतं की नाही हे मी विचारलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही.

म्हणून नियोजन करणाऱ्यांकडे माझं मागणं अगदी साधं आहे. सार्वजनिक स्नानगृहाचा वापर बदलायचा अर्ज आला की हौद आणि न्हाणी यांचे दोन वेगळे नकाशे मागा. न्हाणीच्या बाजूला घरं होऊ द्या, आणि त्यातून येणारा पैसा हौदाच्या दुरुस्तीसाठी करारात बांधून घ्या, तिजोरीत वाहून जाऊ देऊ नका. तिकिटाचा दर कुणी ठरवायचा हे बांधकाम सुरू होण्याआधी लिहून घ्या. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने लोकांना त्यांच्या उपयोगाची वास्तू विक्रीला निघाली तर बोलीची तयारी करायला सहा महिने दिले. पॉप्लरला अठ्ठावीस वर्षं लागली, हे पाहता सहा महिने अगदीच तोकडे आहेत. अशी मुदत बरीच लांब हवी.

मोझली रोड बाथ्समध्ये टबांच्या ४६ खोल्या अजून आहेत. २०१७ च्या सुमारास नगरपालिका ती वास्तू बंद करणार होती, तेव्हा परिसरातल्या लोकांनीच संस्था करून हौद चालवायला घेतला. त्या ४६ खोल्यांचं काय करावं, हा प्रश्न माझ्या युक्तिवादाला अडचणीत आणतो. माझ्या म्हणण्याप्रमाणे तिथे उद्या घरं यायला हरकत नसावी. पण इतकी संपूर्ण रांग आता क्वचितच कुठे उरली असेल. त्या पांढऱ्या टबांत उभ्या शहराने शंभर वर्षं अंग धुतलं. मी तिथे घरांना हो म्हणेन, पण एक रांग, नळांसकट, बाकांसकट, तशीच ठेवायला सांगेन. आणि हौदाबद्दल विचारलं, तर त्याबाबत कुठलीही घासाघीस करायची माझी तयारी नाही.